ऑनलाइन प्रदर्शन करायचंय? कॅमेरा पाचव्या पायरीला काढा

संग्रहातल्या जुन्या वस्तूंचं ऑनलाइन प्रदर्शन करायचं ठरलं की पहिली बैठक हमखास कॅमेऱ्यावर होते. कोणता घ्यायचा, भाड्यानं मिळेल का, बर्डीवर कोणाच्या ओळखीचा फोटोग्राफर आहे का. दुसऱ्या आठवड्यात फोटो सुरू होतात. सहा महिन्यांनी हार्ड डिस्कवर अडीच हजार फोटो असतात, आणि त्यातला कोणता कोणत्या वस्तूचा हे छातीठोक सांगणारा माणूस तोवर बदली होऊन गेलेला असतो. नागपुरातल्या लहान संग्रहांत हे काम मी बऱ्याचदा पाहिलं, काही ठिकाणी हातानं केलं, आणि एकदा तर स्वतःच असं बिघडवलं की सगळं पुन्हा करावं लागलं.

हे मार्गदर्शन लहान आणि मध्यम संग्रहांसाठी आहे: कॉलेजच्या पुरातत्त्व विभागातलं कपाट, एखाद्या संस्थेचं दोन खोल्यांचं दालन, घराण्यानं जपलेला संग्रह. अजब बंगल्यासारख्या मोठ्या सरकारी संग्रहालयाची यंत्रणा वेगळी असते. चुका मात्र त्याच असतात.

सुरुवातीला तीन माणसं लागतात. एक संग्रह ओळखणारा, एक मराठी टाइप करणारा, एक वस्तू हाताळणारा. हे तिन्ही एकाच माणसात असतील तर त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नका. आणि पहिल्या खेपेला सगळा संग्रह घेऊ नका. तीनशे-चारशे वस्तूंचा एक गट निवडा.

## टप्पा १: नोंदवही आणि कपाट यांची गाठ घाला

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा हाच, आणि वगळला जातो तोही हाच. पुढे जे बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

आधी ॲक्सेशन रजिस्टरचं, म्हणजे संग्रहात आलेल्या वस्तूंच्या नोंदवहीचं, पान न् पान स्कॅन करा किंवा मोबाईलनं नीट फोटो काढून ठेवा. मूळ वहीत खाडाखोड करायची नाही. चूक दिसली तर शेऱ्याच्या रकान्यात तारीख आणि सही घालून लिहायचं. वही हा तुमचा कायदेशीर पुरावा आहे, कच्चं टिपण नाही.

मग पडताळणी दोन्ही दिशांनी करा. एकदा वही हातात घेऊन कपाटाकडे जा: प्रत्येक नोंदीची वस्तू सापडते का? नंतर उलट, कपाटातली प्रत्येक वस्तू उचलून वहीत शोधा. लोक फक्त पहिली फेरी करतात. दुसऱ्या फेरीतच खरी गंमत कळते.

एका संग्रहात तान्हा पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं ओढतात ते, लाकडी नंदी होते. वहीत वेगवेगळ्या वर्षांच्या सात नोंदी, आणि सातही ठिकाणी अक्षरशः एकच ओळ: 'लाकडी बैल, १ नग.' माप नाही, रंग नाही, देणाऱ्याचं नाव फक्त दोन ठिकाणी. कपाटात नंदी निघाले नऊ. त्यातल्या एकाच्या पोटाखाली दोन क्रमांक होते, एक काळ्या शाईत, एक पांढऱ्या ऑइलपेंटनं. दोन क्रमांक दोन वेगळ्या नोंदींचे. अशा वेळी अंदाजानं जोड्या लावायच्या नाहीत. चाकं आहेत का, शिंगांना पितळी टोप आहेत का, दोरी ओवायचं भोक पुढे आहे की पाटीला, हे सगळं टिपून घ्यायचं आणि जुनी देणगीपत्रं, पावत्या, वर्षाचे अहवाल काढून बसायचं. आम्हाला त्यात अकरा दिवस गेले. नऊपैकी सहांची ओळख पटली. तिघांना तात्पुरता क्रमांक दिला आणि 'नोंद अनिश्चित' असं स्पष्ट लिहिलं.

दोन्ही फेऱ्यांनंतर तीन याद्या तयार होतात:

१. वहीत आहे, कपाटात आहे. या वस्तू पुढे न्या.
२. वहीत आहे, कपाटात नाही. यादी करून वरिष्ठांकडे किंवा विश्वस्तांकडे लेखी द्या. परस्पर 'गहाळ' म्हणून नोंद काटू नका.
३. कपाटात आहे, वहीत नाही. वेगळ्या मालिकेतला तात्पुरता क्रमांक द्या. मधला रिकामा दिसणारा जुना क्रमांक देऊन जागा भरू नका. पुढेमागे खरी वस्तू सापडली तर दोघांचा एकच क्रमांक होतो.

क्रमांक वस्तूवर हवा, डब्यावर नको. डबे बदलतात. कापड आणि कागद यांना आम्लरहित कागदाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा किंवा सोबत ठेवा. दगड, लाकूड, धातू यांवर पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर, त्यावर शाईनं बारीक क्रमांक, वर पुन्हा एक थर. हा थर पुढे ॲसिटोननं निघतो. रंगवलेल्या किंवा पापुद्रे सुटलेल्या वस्तूवर तोही लावू नका, चिठ्ठी बांधा.

थांबा. व्हाइटनर, नेलपॉलिश, चिकटपट्टी, रबरबँड यांतलं काहीही वस्तूला लावायचं नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात रबरबँड वितळून चांदीच्या नाण्याला चिकटलेलं मी पाहिलं आहे. रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते ती वेगळीच.

या टप्प्यावर ओळखीपुरता मोबाईलनं फोटो काढायला हरकत नाही. सोबत पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. हा फोटो प्रदर्शनासाठी नाही. आता तो चांगला आला तरी नाही.

तपासा. ज्यानं पडताळणी केली नाही अशा माणसाला कपाटातून कोणत्याही वीस वस्तू काढायला सांगा. वीसपैकी वीस नोंदी बिनचूक सापडल्या तरच पुढे.

## टप्पा २: काय दाखवायचं आणि काय दाखवता येत नाही

'वस्तू आमच्याकडे आहे म्हणजे फोटो टाकायला आम्ही मोकळे' हा सर्रास गैरसमज आहे. वस्तूची मालकी एक, कॉपीराइट दुसरा. पत्रं देणगीत मिळाली म्हणून त्यातल्या मजकुराचा हक्क मिळत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखक किंवा चित्रकार वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. चित्रकार १९६० साली वारला असेल तर २०२० च्या अखेरीस संपला. वारसांकडून दोन ओळींचं संमतिपत्र घ्यायला अर्धा तास लागतो. प्रदर्शन लागल्यावर आलेल्या नोटिशीला उत्तर द्यायला किती लागतो, ते विचारू नका.

स्टुडिओत काढलेल्या जुन्या फोटोंत एक गुंता असतो. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल तर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा मानला जातो. म्हणून फोटो कोणी दिला एवढंच नको, कोणी काढवून घेतला हेही नोंदवा.

प्रत्येक वस्तूसमोर तीनपैकी एक शेरा लिहा: मोकळी, परवानगी हवी, दाखवायची नाही. चौथा 'बघू' असा शेरा ठेवू नका.

'दाखवायची नाही' या रकान्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो रिकामा ठेवण्याकडे कल असतो. विदर्भातल्या बऱ्याच संग्रहांत गोंड समाजाच्या वस्तू आहेत. त्यातल्या काही पेनठाण्यातल्या, म्हणजे त्यांच्या देवस्थानातल्या, असतात आणि त्या सगळ्यांनी, सगळ्या वेळी पाहायच्या नसतात. काचेच्या कपाटात ठेवली होती म्हणून जगभर दाखवायला चालेल असं नाही. त्या भागातल्या भुमकाला, म्हणजे गोंड पुजाऱ्याला, किंवा जाणत्यांना जाऊन विचारा. फोनवर नाही, जाऊन. नाव काय लिहायचं, कोणत्या बाजूनं दाखवायचं, हेही तेच सांगतील. कितीदा तरी वहीत 'आदिवासी मूर्ती' एवढंच असतं आणि त्यांच्याकडे तिला नाव, कूळ आणि सण असतो.

दुसरी गोष्ट जागेची. नागपूरजवळच्या माहुरझरी किंवा जुनापाणीसारख्या ठिकाणची महापाषाणयुगीन शिळावर्तुळं उघड्या माळावर आहेत. अशा ठिकाणाहून आलेल्या मण्यांच्या नोंदीत अचूक अक्षांश-रेखांश लिहून ते संकेतस्थळावर टाकणं म्हणजे खोदणाऱ्याला पत्ता देणं. आतल्या नोंदीत पूर्ण ठिकाण ठेवा, बाहेर गाव आणि तालुका पुरे. मोबाईलच्या फोटोत जागेची माहिती आपोआप शिरते. चढवण्याआधी ती काढून टाका, नाहीतर देणगीदाराच्या घराचा नकाशा जगाला मिळतो.

तिसरी, कायद्याची. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या खासगी संग्रहात असतील तर नोंदणीचे कागद आहेत का ते आधी पाहा. पेंढा भरलेले प्राणी आणि शिंगं यांना वन्यजीव कायदा लागतो. कागद नसलेली वस्तू ऑनलाइन टाकून स्वतःविरुद्ध पुरावा तयार करू नका. आधी कागद करा.

## टप्पा ३: रकाने आणि शब्द ठरवा

सॉफ्टवेअर या टप्प्याच्या शेवटी निवडायचं, सुरुवातीला नाही. आधी एका साध्या एक्सेल शीटमध्ये रकाने ठरवा. डब्लिन कोअर या नोंदींच्या रकान्यांसाठीच्या मानकात पंधराच घटक आहेत. लहान संग्रहाला ते आणि वर माप, द्रव्य, स्थिती, ठेवण्याची जागा एवढं भागतं. पन्नास रकान्यांचा तक्ता केला तर त्यातले चाळीस रिकामे राहतील.

पहिली अडचण फॉन्टची. जुन्या याद्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा कचरा. अशा यादीत शोध चालत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास नको. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात. प्रत्येक ओळ माणसानं वाचायची.

दुसरी अडचण युनिकोडमध्येही राहते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. 'ॲ' हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं: एक अखंड, दुसरं अ वर चंद्र देऊन. 'तऱ्हा' मधला अर्धा र तर तीन तऱ्हांनी. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. एकानं मोबाईलवर आणि दुसऱ्यानं ऑफिसच्या संगणकावर टाइप केलं की अर्ध्या नोंदी शोधात येतच नाहीत. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा, शक्यतो इनस्क्रिप्ट, आणि शेवटी एकदा शोधा-बदला करून सगळं एका रूपात आणा.

तिसरी अडचण नावांची. रामटेकजवळच्या त्या उत्खननाच्या गावाचं नाव मनसर लिहायचं की मानसर? नगरधन आणि त्याचं जुनं नाव नंदिवर्धन एकाच रकान्यात की वेगळ्या? वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता की प्रभावतिगुप्ता? गणपती, गणपति, गणेश, विनायक? प्रत्येकाचं एक मुख्य रूप ठरवा आणि बाकीची 'इतर नावं' या रकान्यात घाला. वाचक कोणत्याही नावानं शोधो, त्याला वस्तू सापडली पाहिजे. ही शब्दसूची छापून टाइप करणाऱ्याच्या टेबलासमोर चिकटवा. संगणकात ठेवली तर कोणी उघडत नाही.

आणि सनावळी. भोसलेकालीन मोडी कागदांवर शके, फसली, सुहूर, हिजरी यांपैकी काहीही असतं. शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे हे थोड्यांना. फसली दख्खनचा आणि उत्तरेचा एक नाही, दोघांत साधारण दोन वर्षांचा फरक पडतो. हिजरीला तर बेरीज चालतच नाही, कारण ते वर्ष चांद्र आहे. म्हणून दोन रकाने ठेवा: कागदावर जसं लिहिलंय तसं, आणि रूपांतरित इसवी सन. शके १७२० चं '१७९८' करू नका, '१७९८-९९' करा. महिना-तिथी असेल तरच एक वर्ष लिहा.

आता सॉफ्टवेअर. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या संग्रहालयांत पुण्याच्या सी-डॅकनं बनवलेलं 'जतन' वापरतात. सरकारी किंवा अनुदानित संस्था असाल तर आधी त्याची चौकशी करा. खासगी संग्रहाला ओमेका किंवा कलेक्टिव्हॲक्सेस फुकट मिळतात. निवडताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: उद्या तुमची कंपनी बंद पडली तर माझा सगळा डेटा साध्या तक्त्यात बाहेर काढून मिळेल का? उत्तर लांबलं तर उठा.

तपासा. शीटमधल्या दहा नोंदी संग्रहाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या. फक्त नोंद वाचून त्याला कपाटातली वस्तू ओळखता आली पाहिजे. 'लाकडी बैल, १ नग' वर कोणालाच येणार नाही.

## टप्पा ४: खोली, ऋतू आणि तारखा

हा टप्पा छोटा, पण नागपुरात तो चुकला तर वस्तूच जाते.

मे महिन्यात काम काढू नका. नवतपात खोली थंड करायला कूलर लावला जातो, आणि कूलर म्हणजे ओल्या खसमधून येणारी दमट हवा, थेट उघड्या कागदावर. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून टेबलावर पसरलेले आणि समोर कूलर, हे दृश्य मला कधीकधी स्वप्नात दिसतं. पावसाळ्यात उलट प्रश्न: एसीच्या खोलीतली थंड धातूची वस्तू बाहेरच्या दमट खोलीत आणली की तिच्यावर पाणी धरतं. आणायचीच असेल तर बंद डब्यात आणा आणि डबा दोन-तीन तास तसाच राहू द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. त्यातही डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं. सरकारी कर्मचारी, गाड्या आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते तेव्हा तुमचे नसतात. त्या आठवड्यांत बाहेरच्या माणसाची वेळ ठरवू नका, टंकलेखन उरकून घ्या.

खोलीला एकच दार वापरात ठेवा. दोन टेबलं: एक वस्तू येण्याचं, एक जाण्याचं. एका वेळी टेबलावर एकच वस्तू. चहा खोलीबाहेर. हे लिहायला बालिश वाटतं, पण मी स्वतः बिघडवलेलं काम ते हेच: दोन सारखी नाणी एकाच वेळी टेबलावर ठेवली, क्रमांक उलटसुलट झाले, आणि सगळा ट्रे पुन्हा तोलून-मोजून लावावा लागला.

## टप्पा ५: आता कॅमेरा

महागडा कॅमेरा लागत नाही. २४ मेगापिक्सेलचा कोणताही बरा डीएसएलआर किंवा मिररलेस, मजबूत ट्रायपॉड, दोन एलईडी दिवे आणि २४ चौकोनांचं रंगपत्रक. पैसे वाचवायचेच असतील तर कॅमेऱ्यात वाचवा. ट्रायपॉड आणि दिव्यांत वाचवू नका. रंग खरे दाखवण्याची दिव्यांची क्षमता, सीआरआय, ९५ च्या वर हवी.

क्रम असा ठेवा:

१. खोलीतल्या ट्यूबलाइट आणि खिडक्या बंद. दोन प्रकारचे प्रकाश मिसळले की रंग कधीच जुळत नाहीत.
२. दिवे दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर.
३. आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते ११, टायमर दोन सेकंदांचा. बोटाच्या धक्क्यानंही फोटो हलतो.
४. पहिला फोटो क्रमांकाची चिठ्ठी, पट्टी आणि रंगपत्रक यांच्यासह. बाकीचे त्यांच्याशिवाय.
५. पुढून, मागून, दोन्ही बाजू, तळ. तळ विसरू नका. क्रमांक, सुताराची खूण, तडा, सगळं तिथेच असतं.
६. वस्तू परत जागेवर गेल्यावरच दुसरी टेबलावर.

कापड, जलरंग, हस्तलिखितं यांच्यावर प्रदर्शनात ५० लक्सच्या वर प्रकाश ठेवत नाहीत. फोटोला जास्त लागतो, म्हणून फोकस कमी उजेडात करून घ्या, फोटोपुरताच दिवा वाढवा, लगेच कमी करा. दिवा चालू ठेवून गप्पा मारू नका.

ताम्रपट आणि नाणी यांचं तंत्र वेगळं. समोरून दिवा मारला तर ताम्रपट म्हणजे काळा चकचकीत पत्रा दिसतो, अक्षर एक नाही. एकच दिवा अगदी तिरपा, पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांवर, ताम्रपटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडून धरा. प्रत्येक खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि वा. वि. मिराशींसारख्या लेखतज्ज्ञांनी आयुष्यभर ठशांवरून वाचलेली पेटिकाशीर्षक, म्हणजे डोक्यावर चौकोनी पेटी असलेली, अक्षरं पडद्यावर उभी राहतात. दिवा अक्षरांच्या खालच्या बाजूनं धरलात तर गंमत होते: खोदलेलं अक्षर उठावाचं दिसायला लागतं. डोळ्याला प्रकाश वरून येण्याची सवय असते म्हणून. दिव्याची दिशा नोंदीत लिहा. दोन्ही बाजू, कडी आणि मुद्रा यांचे वेगळे फोटो घ्या.

थांबा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडूची भुकटी, तेल, चिंच यांतलं काहीही लावायचं नाही. जुन्या माणसांनी लावलं असेल, तरीही नाही. धातूला नायट्राइलचे हातमोजे घाला. कागदाला स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, मोज्यात पानाची कड कळत नाही आणि फाटते.

थांबा, दुसऱ्यांदा. जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कातडीला सोमलयुक्त, म्हणजे विषारी आर्सेनिकचा, साबण लावायची पद्धत होती. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका. ब्रशनं झटकूही नका.

तपासा. दिवसाच्या शेवटी वस्तू परत ठेवायच्या आधी सगळे फोटो संगणकावर पूर्ण मोठे करून पाहा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळंच शार्प दिसतं.

## टप्पा ६: फाइलचं नाव आणि तीन प्रती

फाइलच्या नावात नोंद क्रमांक, बाजू आणि अनुक्रम एवढंच. 00412_01_02 म्हणजे ४१२ क्रमांकाची वस्तू, पुढची बाजू, दुसरा फोटो. नावात आकडे इंग्रजी कीबोर्डचे, जागा सोडायची नाही, आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'साहेबांनी पाहिलेलं' असले शब्द नकोत. वर्णन शीटमध्ये असतं, फाइलच्या नावात नाही.

प्रत्येक फोटोची मूळ रॉ फाइल, त्यावरून केलेली टिफ, आणि संकेतस्थळासाठी छोटी जेपेग. टिफला पुन्हा हात लावायचा नाही. जागेचा हिशोब आधीच करा: २४ मेगापिक्सेलची १६ बिटची टिफ साधारण १४४ एमबी होते. चारशे वस्तू, प्रत्येकी सहा फोटो, म्हणजे ३४५ जीबी फक्त टिफचे. हा आकडा बैठकीत सांगा, नाहीतर कोणीतरी पेनड्राइव्ह पुढे करतो.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. एकाच कपाटातल्या तीन हार्ड डिस्क म्हणजे तीन प्रती नव्हेत. एका ठिकाणी तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा मूळ आणि प्रत शेजारी शेजारी तरंगत होत्या. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा. फाइल गुपचूप बिघडली तर तो आकडा जुळत नाही, एवढंच त्याचं काम, पण ते दुसरं कोणी करत नाही.

## टप्पा ७: प्रदर्शन मांडा

चारशे वस्तूंची नोंदसूची म्हणजे प्रदर्शन नव्हे. सूची शोधणाऱ्यासाठी असते, प्रदर्शन नुसतं बघायला आलेल्यासाठी. दोन्ही ठेवा, पण वेगळे. प्रदर्शनाला वीस-पंचवीस वस्तू पुष्कळ झाल्या.

एक प्रश्न घ्या आणि वस्तू त्याभोवती लावा. आमचं नंद्यांचं प्रदर्शन आधी 'विदर्भाची लोककला' या नावानं चाललं होतं. कोणी पाहिलं नसतं. मग प्रश्न बदलला: तान्हा पोळ्याला हा नंदी कोण ओढायचं? त्याबरोबर दोरीच्या भोकाशी झिजलेलं लाकूड महत्त्वाचं झालं, एका नंदीचं नंतर बसवलेलं वेगळ्या लाकडाचं चाक महत्त्वाचं झालं. एकाच्या कानावर लहान दातांच्या खुणा आहेत. मथळ्याचा फोटो तोच लावला.

वस्तूखालचा मजकूर ६० ते ८० शब्द. पहिल्या वाक्यात जे दिसतं ते सांगा, मग जे दिसत नाही ते. 'अप्रतिम', 'अनमोल ठेवा', 'समृद्ध वारसा' हे शब्द पुसून टाका. ते पुसल्यावर काही उरत नसेल तर मजकूर पुन्हा लिहा. माहिती अनिश्चित असेल तर ती तशीच लिहा. त्या तीन नंद्यांखाली आम्ही 'हा कोणाच्या घरून आला ते कळलेलं नाही' असं छापलं. महिनाभरात नागपूरच्या महाल भागातल्या एका आजींनी नातवाकडून निरोप पाठवला. त्यातला एक नंदी त्यांच्या मोठ्या दिरांचा होता.

मराठी मजकूर आधी लिहा. इंग्रजीत लिहून मराठी करायला दिलं की 'ही वस्तू आपल्याला सांगते की' असली वाक्यं येतात. हिंदीही ठेवा, नागपूरचा बराच वाचक तिथे आहे.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. लोक मोबाईलवर पाहतात, म्हणून उभ्या पडद्यावर तपासा. चित्राची लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास पुरते. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे दृष्टिहीन वाचकाला पडदा वाचून दाखवता येतो. तिथे 'फोटो १' लिहू नका. आभासी फेरफटका, त्रिमितीय मॉडेल यांचा आग्रह धरणारे बरेच भेटतील. ज्या वस्तूला सगळ्या बाजूंनी फिरवून काही नवीन कळतं तिलाच ते करा. नंदीला केलं, ताम्रपटाला दिव्याची दिशा बदलणारे चार फोटो जास्त उपयोगी पडले.

तपासा. साध्या मोबाईलवर, वायफाय बंद करून, इतवारीच्या गर्दीत उभं राहून पान उघडा. पाच सेकंदांत पहिलं चित्र आलं नाही तर चित्रं लहान करा.

## टप्पा ८: लागल्यानंतर

संकेतस्थळाचं नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या पैशांनी घ्या. उत्साही स्वयंसेवकाच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलेलं डोमेन तो नोकरीसाठी पुण्याला गेला की वर्षाच्या नूतनीकरणाला बंद पडतं. पासवर्ड दोन माणसांकडे, एक लिफाफा तिजोरीत. पुढच्या पाच वर्षांचं होस्टिंग पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. अनुदानातून डिजिटायझेशन होतं, नूतनीकरणाची वेळ येते तेव्हा अनुदान संपलेलं असतं.

वाचकांचे निरोप घ्यायला एक वही ठेवा: तारीख, काय सांगितलं, कोणी पडताळलं, नोंदीत काय बदललं. ऐकीव माहिती थेट मुख्य रकान्यात घालू नका. 'देणगीदाराच्या नातेवाइकाकडून' असा उल्लेख करून घाला. आजींचा निरोप आम्ही तसाच घातला आणि जुनी देणगी पावती सापडल्यावर मग तात्पुरता क्रमांक खऱ्या नोंदीला जोडला.

वर्षातून दोनदा हार्ड डिस्क चालू करून चेकसम पडताळायचे, दुवे उघडून पाहायचे, दुसऱ्या इमारतीतली प्रत खरंच तिथे आहे का ते जाऊन बघायचं. 'कधीतरी' असं ठरवलं तर होत नाही. आम्ही दोन दिवस बांधून घेतलेत, पोळ्याच्या आधीचा शनिवार आणि होळीच्या आधीचा. मागच्या होळीला एक डिस्क सुरूच झाली नाही. दुसऱ्या दोन प्रती होत्या, म्हणून दुपारी नवी आणून भरायला लावली आणि घरी गेलो.